रफूची जागा

थोरलीने कोटाची बाही उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली आणि आतल्या शिवणीतून एक धागा सुईच्या टोकाने अलगद ओढून काढला. चांगला लांब निघाला. सिगारेटने पडलेलं भोक बुजवायला असे बरेच लागणार होते आणि ते सगळे ह्याच कोटातून, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागेवरून काढायचे होते. बाजारातून धागा कितीही जुळता आणला तरी परका तो परकाच, असं वडील म्हणायचे. रफू करायचा तर कापडाचं भोक कापडानेच भरायचं.

मधल्या फळीच्या पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"तर मंडळी, हे भोक लपवायचं नाही. मिरवायचं!"

धाकटीचं चित्रीकरण सुरू होतं. थोरलीला फळीआडून दिसत काही नव्हतं, पण आता काय चाललं असेल ते तिला पाठ होतं. कुणाच्या तरी राखाडी स्वेटरला कोपरावर भोक पडलेलं असणार आणि धाकटी त्यावर पिवळ्याधमक लोकरीचा मासा नाही तर मधमाशी काढत असणार. मासा झाला की ती कोपर वाकवून दाखवणार, मासा शेपटी हलवणार, आणि जगभरातल्या रिकामटेकड्या लोकांना भरून येणार. वडील असते तर त्यांनी तो स्वेटर चिमटीत धरून, हे काय आहे, एवढंच विचारलं असतं. पण वडील नव्हते, आणि धाकटीच्या त्या माशाच्या व्हिडिओखाली लोकांनी पसंतीच्या लाल बदामांचा पाऊस पाडला होता.

थोरलीला ते बदाम बघवत नसत. बघितल्याशिवाय राहवतही नसे. सकाळी दुकान उघडलं की सुईत धागा ओवायच्या आधी ती धाकटीचं पान उघडायची, खालचं सगळं वाचून काढायची आणि मग दिवसभर तिच्या पोटात दुखत राहायचं.

तिचं दुखणं अगदीच अनाठायी होतं असंही नाही. धाकटीची गिऱ्हाइकं आपले मासे आणि मधमाश्या अंगावर घालून फोटो टाकत, दुकानाचं नाव लिहीत, मैत्रिणींना पाठवत. थोरलीची गिऱ्हाइकं कोट घेऊन जात आणि गप्प बसत. गप्पच बसणार. ज्याचा कोट फाटलाच नव्हता असं दिसायला हवं, तो माणूस 'माझा कोट इथे छान शिवून मिळाला' असं चार लोकांत कशाला लिहील? काम जितकं चांगलं तितकी शांतता जास्त. दुकानाच्या पानावर थोरलीच्या वाट्याला आजवर एकच अभिप्राय आला होता. 'दुकान शोधायला त्रास झाला.' खाली तीन तारे.

आणि आता खिडकीचा प्रश्न आला होता. दुकानात चांगला उजेड ह्या एकाच खिडकीतून येई. सुतांचे रंग जुळवायला थोरलीला तो लागे. धाकटीला तो चित्रीकरणाला हवा होता. "ताई, तुझ्याकडे काम असेल तेव्हा तू बस, नसेल तेव्हा मी बसते," असं ती मागच्या आठवड्यात म्हणाली होती. अगदी गोड आवाजात. त्यातलं 'नसेल तेव्हा' थोरलीच्या घशात अजून अडकलेलं होतं. काम खरंच कमी झालं होतं. लोक फाटलेलं टाकून तरी देत, नाहीतर पलीकडे जाऊन मासा काढून घेत.

दुकानाच्या पायरीशी इस्त्रीवाले काका बसत. थोरलीचा रफू झाला की त्यावर ओलं फडकं ठेवून शेवटची इस्त्री तेच फिरवत, म्हणून ते स्वतःला ह्या कलेतले भागीदार समजत. मोबाइलवर दिसेल ते मोठ्या आवाजात बघायची त्यांना सवय होती.

"अगं ए," काका आत डोकावून म्हणाले, "ही तीच बाई ना? ती काळ्या चष्म्याची?"

थोरलीने मान वर केली. काकांच्या हातातल्या पडद्यावर मुलाखतवाली होती. लोकांना सोफ्यावर बसवून त्यांच्या लहानपणाविषयी विचारते आणि रडवते, ती. तिला बघणारे इतके होते की धाकटीचे बदाम तिच्यापुढे चिल्लर वाटावेत. आज मात्र ती कुणाला रडवत नव्हती. ती एका लाकडी कपाटाशेजारी उभी होती आणि तिने कपाट उघडून आतून एक शाल काढली.

"ही माझ्या आजीची शाल," मुलाखतवाली म्हणाली. "आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. तीन पिढ्या. आणि बघा, एक कसर नाही, एक भोक नाही. कारण जपणारं कपाट तसं आहे."

तिने शाल खांद्यावर घेतली. कॅमेरा शालीच्या काठावरून, वेलबुट्टीवरून अगदी जवळून फिरला आणि कपाटाच्या कंपनीचं नाव आलं.

थोरलीच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधायला ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

ही शाल दुकानात आली होती तेव्हा तिच्या एका कोपऱ्याची चाळण झाली होती. कसरीने वेलबुट्टीतली पानंच्या पानं खाऊन टाकली होती. मुलाखतवाली काळा चष्मा लावून, शाल दुधाच्या पिशवीसारखी छातीशी धरून मागच्या दाराने आली होती आणि म्हणाली होती, "कुणाला सांगू नका हं, बाई. आजीची एवढी एकच वस्तू, आणि मी ती नीट ठेवली नाही." बोलताना तिचे डोळे खरोखर भरले होते. थोरलीने पूर्ण हिवाळा त्या कोपऱ्यावर घालवला. शालीच्याच दुमडीतून धागे काढले, उभे, आडवे, एकाआड एक. पानाचा देठ जिथे वळतो तिथे धागा वळवायला तिला अख्खी दुपार लागली होती.

आणि आता ते सगळं कपाटाने केलं होतं. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, कपाट पहिल्यांदाच बघत होती. काप गेले नि भोकं राहिली, असं म्हणतात. इथे भोकं गेली होती आणि भोकांबरोबर ती बुजवणारीही गेली होती. थोरलीला त्या कपाटाचा हेवा वाटला. खराखुरा, माणसाचा वाटावा तसा. त्याचं नाव किती ठळक अक्षरांत आलं होतं.

आवाज ऐकून धाकटी फळीआडून आली. बोटाला पिवळी लोकर गुंडाळलेली तशीच. तिने पूर्ण जाहिरात उभ्याने बघितली आणि तिचे कान लाल झाले.

"ताई, ही तर तुझी शाल! तू हिवाळाभर हिच्यात डोकं खुपसून बसली होतीस."

"असेल."

"असेल काय असेल? कपाट म्हणे! तुझ्याकडे आधीचे फोटो असतील ना? तू काढतेस ना नेहमी, वीण लक्षात राहावी म्हणून?"

"आहेत."

"दे मला. मी टाकते. माझ्या पानावर टाकलं ना, तर संध्याकाळपर्यंत गावात त्याशिवाय दुसरा विषय नसेल."

"बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही," काकांनी बाहेरून भर घातली. "दे बाई तिला फोटो."

थोरलीने सुई उशीत खोचली.

"भोकाची गोष्ट गिऱ्हाइकाची असते. आपण ती चव्हाट्यावर मांडायची नाही. बाबांनी काय सांगितलं होतं?"

"बाबांच्या वेळी कपाटं बोलत नव्हती."

"नको म्हटलं ना."

धाकटी फणकाऱ्याने परत गेली. थोरली बोलली ते खोटं नव्हतं. वडील तसं सांगत, आणि तिने आजवर ते पाळलं होतं. पण आत्ता ती नको म्हणाली ते वडिलांसाठी नव्हे. तिच्या डोळ्यांसमोर धाकटीचा चेहरा आला होता. कॅमेऱ्यासमोर मान किंचित तिरकी करून 'मंडळी, ही माझी ताई' असं सांगणारा. शाल तिची, हिवाळा तिचा, आणि बदाम पुन्हा फळीपलीकडे. त्यापेक्षा कपाट परवडलं.

दुपारी धाकटी पार्सलं टाकायला बाहेर पडली. थोरलीने कोट बाजूला ठेवला, आपल्या मोबाइलमधला जुना फोटो शोधला आणि जाहिरातीच्या खाली गेली. तिच्या स्वतःच्या खात्यावर तिच्या चेहऱ्याऐवजी कात्रीचा फोटो होता. तिने चाळण झालेल्या कोपऱ्याचा फोटो चिकटवला. लिहायला तिला वेळ लागला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं: 'ही शाल कपाटाने जपलेली नाही. हिला कसर लागली होती. मी रफू केली आहे.' खाली तिने दुकानाचं नाव घातलं.

बटण दाबताना तिला वडिलांची आठवण झाली आणि ती तिने तशीच दाबून टाकली.

पहिला बदाम लगेच आला. तो पायरीवरून काकांनी पाठवला होता. त्यानंतर मात्र लोकांचा जो लोंढा आला, तो तिने पूर्वी फक्त फळीपलीकडे येताना बघितला होता.

'कुठे आहे रफू? दाखवा बघू.'

'ही शाल वेगळीच आहे. कोणत्याही शालीचा फोटो टाकाल का?'

'मावशी, आमच्या नशिबालाही रफू करून द्या.'

'मोठं करून बघितलं. एक टाका नाही. खोटं बोलायलाही अक्कल लागते.'

'हिच्याच बहिणीचं काम बघा. भोक दाखवून काम करते, किती प्रामाणिक! आणि ही दुसऱ्याच्या आजीच्या शालीवर हात मारतेय.'

ह्या शेवटच्यावर बदाम सर्वांत जास्त होते. थोरलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. प्रामाणिक. म्हणजे मासा प्रामाणिक आणि आपण चोर. तिला हसूही आलं असतं, पण तेवढ्यात मुलाखतवालीचं उत्तर आलं. 'ह्या बाईंना मी ओळखत नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. कृपया त्यांना त्रास देऊ नका.' हातही जोडले होते.

थोरलीने जाहिरात थांबवली आणि शालीचा कोपरा बोटांनी मोठा केला. आता मला ओळखत नाही म्हणते काय! दाखवतेच. पहिलं पान, दुसरं पान, देठाचं वळण. तिने मोबाइल उजेडात धरला, तिरका केला, भिंग लावलं. ती जिथे अख्खी दुपार अडकली होती ते वळण कोणतं, तेच तिला कळेना. सगळी वळणं सारखी होती. काम परत गेल्यावर ते पुन्हा बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ती बघत राहिली, आणि आधी तिला आपला अभिमान वाटला. मग भीती वाटली. आपण जे केलं त्याचा आपल्याकडेही काही पुरावा नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची होती.

धाकटी परतली ती धावतच. रस्त्यात तिचा मोबाइल वाजत होता आणि येतानाच तिने सगळं वाचलं होतं.

"मला सांगितलं नाहीस!"

थोरलीने भिंग खाली ठेवलं.

"लोक मला विचारतायत, तुमची बहीण खोटं बोलते का? काय सांगू मी त्यांना?"

"सांग, हो म्हणून."

"वेडी आहेस का?" धाकटीने स्टूल ओढलं, ताईच्या हातातला मोबाइल घेतला आणि त्या मोठ्या केलेल्या कोपऱ्यावर नजर टाकली. तिने भिंग घेतलं नाही, मोबाइल तिरका केला नाही. नुसतं बघितलं.

"आहे की," ती म्हणाली.

"काय आहे?"

"रफूची जागा. दिसतेय मला."



"शक्य नाही."

"तुला वाटतं तसं." धाकटीची नजर पडद्यावरच होती. "बाबा आपल्या दोघींचे रफूच्या सरावाचे तुकडे टेबलावर मांडायचे, आठवतं? माझा रफू त्यांना दारातूनच सापडायचा. तुझ्या तुकड्यावर बोट फिरवायचे, फिरवायचे आणि हसून सोडून द्यायचे. जेवायला उठायचे. मी नाही उठायची. मी तुझा तुकडा घेऊन तिथेच बसायची."

"कशाला?"

"कुठेतरी दिसायलाच हवं ना, ताई. तुझंही कुठेतरी दिसायलाच हवं. आणि सापडायचं मला. तुझा हात एका ठिकाणी चुकतो. दर वेळी तसाच. इथेही चुकलाय."

"कधी बोलली नाहीस ते."

"बोलले असते तर तू सुधारली असतीस."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की थोरलीला त्यावर रागावताच आलं नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ह्या घरात जळणारी आपण एकटीच. धाकटीला मासे सुचले कारण ती मजेत असते, असं तिने धरून ठेवलं होतं. आपण बुजवलेलं भोक वडिलांना दारातूनच दिसतं म्हटल्यावर एखादी पोर ते पिवळ्या लोकरीने का भरेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आता शिवला, आणि तिला पहिल्यांदा धाकटीची कीव आली. कीव फार टिकली नाही, कारण धाकटी उत्साहाने उभी राहिली होती.

"ऐक. मी व्हिडिओ करते. हा कोपरा मोठा करायचा, त्या जागेवर लाल बाण काढायचा. ही बघा मंडळी चूक, आणि ही चूक फक्त माझ्या ताईच्या हाताची असते, मी लहानपणापासून ओळखते. तुझे दोन-तीन जुने तुकडे बाजूला ठेवते, म्हणजे पुरावाच झाला. कपाटवाले, मुलाखतवाली, सगळ्यांची तोंडं बंद. आणि तुझं नाव होईल, ताई. खरंच होईल. खिडकी पुरणार नाही इतकं काम येईल."

ती मनापासून बोलत होती. तेच तर वाईट होतं. थोरलीला तो लाल बाण स्पष्ट दिसला. आयुष्यभर जे कुणाला दिसू दिलं नाही त्याच्यावर नेमका टेकलेला. लोक तिला ओळखणार होते. रस्त्यात थांबवून ओळखणार होते. चुकीवरून ओळखणार होते, आणि ती चूक दाखवणारं बोट धाकटीचं असणार होतं.

"दे इकडे," थोरली म्हणाली आणि मोबाइल परत घेतला.

ह्या वेळी लिहायला तिला वेळ लागला नाही. 'माझी चूक झाली. मी रफू केलेली शाल वेगळी होती. ही शाल मूळचीच अखंड आहे. क्षमा असावी.'

धाकटीने तिच्या खांद्यावरून वाचलं.

"हे काय केलंस?"

"काम पूर्ण केलं."

"अगं, पण हे खोटं आहे! आता कुणी विश्वास ठेवणार नाही तुझ्यावर. कधीच."

"न का ठेवेनात."

बाहेरून काका बुचकळ्यात पडल्यासारखे डोकावले. "म्हणजे शाल वेगळी होती होय?"

"हो, काका. माझी नजर चुकली."

"पण इस्त्री तर मीच फिरवली होती तिच्यावर."

"तीही वेगळीच, काका."

काका मान हलवत पायरीवर गेले. तोवर तिच्या मोबाइलवर बदाम यायला लागले होते. 'चूक मान्य करायला मोठं मन लागतं.' 'असे लोक हवेत.' 'मावशी, रिस्पेक्ट.' मुलाखतवालीने स्वतः बदाम पाठवला, लाल, मोठा. एवढे थोरलीला आयुष्यात मिळाले नव्हते. तिने ते सगळे वाचले. वाचताना तिला आवडले, आणि आवडले ह्याची लाजही वाटली.

धाकटी अजून स्टुलावर बसून होती. लोकर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

थोरलीने जाहिरातीतला शालीचा तो कोपरा पुन्हा उघडला आणि मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"आता मला दाखव. एकटीला. कुठे आहे?"

धाकटीने पडद्याकडे बघितलं. मग ताईकडे. ताईने तिला आजवर कात्री मागितली होती, उजेडातून सरकायला सांगितलं होतं, आवाज कमी करायला सांगितलं होतं. विचारलं मात्र कधी काही नव्हतं. धाकटीचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"नाही, ताई," ती म्हणाली.

ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं आणि फळीपलीकडे निघून गेली. तिकडे दिवा लागला. चित्रीकरण काही सुरू झालं नाही.

थोरलीने कोपरा मोठा केला. पहिलं पान. दुसरं पान. देठ.

"खरंच दिसली का तुला?" तिने फळीकडे तोंड करून विचारलं.

पलीकडे सुई कापडातून जात-येत होती.

"शोध की," धाकटीचा आवाज आला. "मला अख्खं लहानपण लागलं होतं."

थोरलीने भिंग बाहीला पुसलं आणि वरच्या काठापासून पुन्हा बघायला सुरुवात केली.